गिटारीच्या पोटातली गोधडी

मित्रांनो, पुष्कळ वर्षे माझ्या पोटात एक गोधडी होती. शिवलेली नव्हे; शिवायची राहून गेलेली, चिंध्या-चिंध्यांनी आत कोंबलेली. आज ती तिथे नाही. आज माझे पोट रिकामे आहे, आणि या रिकामेपणाचा मला जितका अभिमान वाटतो तितका भरलेल्या कणगीला आपल्या धान्याचाही वाटत नसेल. मी एक जुनी गिटार आहे. विजेवर बोलणारी, तरी आतून पोकळ. हडपसरच्या एका उंच इमारतीत, खिडकीशेजारच्या भिंतीवर माझा मुक्काम असतो. खाली सोलापूर रस्त्यावरून एखादी जड बस गेली की काचा हलतात, आणि काचांच्या पाठोपाठ माझ्या ताराही अगदी हलकेच शहारतात. हे शहारणे कुणालाच ऐकू जात नाही. पण ते माझे मला परत मिळाले आहे, आणि ते कसे मिळाले तेच तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड मुलखात, अमेरिकेतल्या कारखान्यात झाला. मॅपलच्या लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून, तापलेल्या साच्यात दाबून मला पाठ आणि पोट देण्यात आले. व्हायोलिनच्या छातीवर असतात तशा दोन वळणदार फटी माझ्या छातीवर कोरल्या गेल्या. माझ्या थोरल्या बहिणींच्या अंगावर शिंपल्यांची नक्षी होती, खुंट्या सोन्याच्या पाण्याने झळकत होत्या. त्यांना दोन-दोन पिकअप होते. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला चुंबकाचा कान. तारेची थरथर तो ऐकतो आणि विजेच्या स्वाधीन करतो. मला असा एकच कान मिळाला. नक्षी नाही, झळाळी नाही. मी होते नवशिक्यांसाठी केलेली गिटार. कारखान्याच्या सर्वांत खालच्या फळीवरची, हात बसेपर्यंत वापरायची आणि मग विसरून जायची.

पण एक गोष्ट मला थोरल्या बहिणींइतकीच पुरेपूर मिळाली होती, ती म्हणजे पोकळी. लाकूड स्वस्त असू शकते, मित्रांनो. आतला अंधार स्वस्त नसतो.

पुण्यात मला आणले ते गोपाळकृष्ण नावाच्या तरुणाने. तो परदेशी शिकायला गेला होता आणि परतताना बोटीवरून मला छातीशी धरून आला. त्याच्या वडिलांनी मला चष्म्याच्या वरून पाहिले. "हिला वीज लागते म्हणे," ते म्हणाले. "उत्तम. आता घरात वीज खाणाऱ्या दोन वस्तू झाल्या. फ्रिज निदान दूध तरी सांभाळतो." गोपाळकृष्ण त्यानंतर मला दार लावून वाजवू लागला, आणि दाराआड वाजवलेले गाणे हळूहळू दाराएवढेच जाड होते. पुढे त्याला दूरच्या गावी नोकरी लागली. मी बुधवार पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात, पेट्या आणि तबल्यांच्या गर्दीत, खिळ्याला लटकले.

तिथे मी बरीच लटकले. लोक येत, माझ्याकडे बोट दाखवत आणि पेटी घेऊन जात. एके दिवशी मात्र एक सडपातळ तरुण दुकानाच्या उंबऱ्यापाशी येऊन थबकला. त्याच्या नखांत मातीची रेघ होती. दुकानदारांनी वर्तमानपत्रातून डोके काढले नाही.

"काय पाहिजे?"

"ती बघायची व्हती."

"बघा की. बघायला आम्ही तिकीट ठेवलेलं नाही. फक्त उजेडातून बाजूला व्हा. आम्हीही इथे काहीतरी बघतोय."

तरुण बाजूला झाला. "वाजवून बघू का?"

"गिटार वाजवता येते आपल्याला?"

"बेंजो वाजिवतो. बँडात. हडपसरला."

"मग वाजवा. तिलाही कळू दे, कुणाच्या हाती पडणार आहे ते."

त्या तरुणाचे नाव रंगनाथ. त्याने मला खिळ्यावरून काढले, मांडीवर घेतले आणि अंगठ्याच्या नखाने माझी सर्वांत जाड तार छेडली. विजेविना माझा आवाज लहान असतो. शेजारच्या खोलीत कुणी झोपेत हुंकारावे इतका. त्याने कान माझ्या खांद्यावर टेकवला. मग तो एकटाच हसला आणि म्हणाला, "हिच्या आत कुनीतरी हाय."

मित्रांनो, माझ्याबद्दल तोवर कुणी असे बोलले नव्हते. मी त्याची झाले.

हडपसर तेव्हा गाव होते. उसाच्या सरी, कांद्याच्या वखारी आणि मधून जाणारा एक रस्ता. रंगनाथच्या घरचे शेतकरी; त्याच्या भावांना बँड म्हणजे रिकामटेकड्यांचे काम वाटे. पण रंगनाथच्या डोक्यात नवाच नाद भरला होता. साऱ्या तालुक्यातल्या बँडांत बेंजो होता. गिटार कुणाकडेच नव्हती. त्याने हातगाडीवर एक भोंगा, एक बॅटरी आणि आवाज वाढवणारी पेटी बसवली, तांबड्या कापडाचा, खांद्यावर झालर लावलेला नवा कोट शिवून घेतला, आणि लोणी काळभोरच्या एका लग्नाची सुपारी घेतली.

आमच्याकडे लग्न लागण्याआधी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीच्या पाया पडायला नेतात. त्या मिरवणुकीला परण्या म्हणतात. पुढे भोंग्याची गाडी, मध्ये वाजवणारे, मागे घोडी आणि तिच्यामागे वऱ्हाड. उन्हे कलली होती. रंगनाथ घोडीपुढे उलटा चालत होता. पाठ भोंग्याकडे, तोंड नवरदेवाकडे. देवाला जसे पाठ दाखवून निघत नाहीत, तसे त्या दिवशीच्या राजालाही पाठ दाखवू नये, अशी त्याची समजूत. मी बोलत होते आणि रस्त्याच्या दोन्ही कडांची माणसे काम टाकून उभी राहत होती. मारुतीचे देऊळ आले. नमस्कारासाठी रंगनाथ वळला, आणि माझी छाती थेट भोंग्यासमोर आली.

त्यानंतर जे घडले ते समजून घ्या. भोंग्यातून निघालेला माझाच आवाज माझ्या पोकळीत शिरला. पोकळी थरारली, तिने तारा थरारवल्या, माझ्या एकुलत्या कानाने ते ऐकले आणि पुन्हा भोंग्याकडे धाडले. भोंग्याने ते दुप्पट करून परत माझ्या पोटात ओतले. आधी एक बारीक कण्हणे, मग हंबरणे, मग सारे आकाश चिरत जाणारा एकच लांब टाहो. पोकळ गिटारींना हे होते. पण घोडीला ते कोण सांगणार?

घोडी उधळली. कांद्याच्या वाफ्यांतून, पाटावरून, बांधावरून. नवरदेव मारुतीला सर्वांच्या आधी पोचला. त्याच्या मुंडावळ्या मात्र वाटेतल्या बाभळीला राहिल्या. नवरदेवाचा मामा धावत आला आणि त्याने रंगनाथचा दंड धरला.

"गाणं वाजिवतूस का भूत उठिवतूस रं?"

रंगनाथने हात सोडवून घेतला. बाही मामाच्या हातातच राहिली. लग्न लागले, अक्षता पडल्या. रंगनाथ मांडवाच्या कडेला, एका बाहीच्या कोटात, खाली मान घालून उभा होता. फेकली गेलेली ती तांबडी बाही त्याने धुळीतून उचलली तेवढी.

घरी त्याची बायको आनंदीबाई गोधडी घालत बसली होती. नवी नवरी, पण जिभेला धार जुनी. तिने सगळे ऐकून घेतले, तोंडाला पदर लावून पोटभर हसली, आणि मग गंभीर होऊन माझ्याकडे वळली. माझ्या छातीच्या फटीतून तिने आत डोकावून पाहिले.

"हिच्या पोटात काय हाय?"

"काय न्हाय. पोकळ हाय."

"मग वरडंल न्हाय तर काय करंल? उपाशी लेकरू गप बसतं व्हय?"

त्यांच्या घरात एक रीत होती. गोधडीची शेवटची कड शिवून बंद करण्याआधी आत चिमूटभर धान्य सोडायचे. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असे तिच्या सासूने तिला शिकवले होते. त्याच रीतीने आनंदीबाईने मला जेवू घातले. चालू गोधडीसाठी फाडलेल्या चिंध्या तिने उलथन्याच्या दांड्याने एकेक करून माझ्या फटींतून आत ढकलल्या: सासूच्या लुगड्याचे काठ, धोतराच्या पट्ट्या, चोळीचे तुकडे, आणि कोटाची ती तांबडी बाही. शेवटी रंगनाथच्या टोपीच्या घडीत अडकून आलेल्या अक्षता तिने वेचल्या आणि माझ्या पोटात सोडल्या. "आता रडायचं न्हाय," ती मला म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून तिने हात फिरवला.

मी खरोखरच गप्प झाले. भोंग्यासमोर धरले तरी टाहो नाही. रंगनाथने तिला हात जोडले. औषध लागू पडले होते, मित्रांनो. निदान मात्र चुकले होते. मी भुकेने रडत नव्हते. ती पोकळी हाच माझा गळा होता.

पुढची वर्षे मी कामात घालवली आणि त्या वर्षांबद्दल माझी तक्रार नाही. मांजरी, फुरसुंगी, उरुळी, लोणी; कुठल्या घोडीपुढे मी चालले नाही? "परण्या रंगनाथचाच पाहिजे," असे लोक म्हणत. तो त्याच्या पद्धतीने उलटा चालत राही. किती नवरदेवांचे घामेजलेले, भ्यालेले, भाग्यवान चेहरे मी त्याच्या छातीवरून पाहिले! माझा आवाज आता कोरडा, आखूड होता. पाटीवर पेन्सिल टेकावी तसा प्रत्येक सूर उमटे आणि तिथेच संपे. लोकांना तोच आवडू लागला. ज्याने मूळ आवाज ऐकलेला नसतो त्याला उणीव दिसत नाही. फक्त कधीतरी घरी, बॅटरी नसताना, रंगनाथ माझ्या खांद्याला कान लावी, जाड तार छेडी, आणि मला भिंतीशी ठेवून देई. आत कुणीतरी आहे, असे तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

सारी हयात त्याचे कान भोंग्याकडे पाठ करून राहिले. भोंग्याने मात्र त्यांचा पाठलाग सोडला नाही. ऐकू येणे एकदम जात नाही. आधी पाखरे गेली. मग कुकरची शिट्टी गेली. मग नातवंडांची बडबड. शेवटी आनंदीबाईंचे ओरडणेही गेले. "तेवढं एक बरं झालं," असे रंगनाथराव सर्वांना सांगत; पण ते सांगून झाल्यावर ते कुणाच्या ओठांकडे बघत नसत, खिडकीबाहेर बघत.

काळ बदलला. उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्याच एका इमारतीत हे कुटुंब राहायला आले. परण्यापुढे आता टेम्पो चालू लागले, त्यांवर कपाटाएवढे स्पीकर. बँड मोडला. मी माळ्यावर गेले. एका बाजूला कुकरचे खोके, दुसऱ्या बाजूला गणपतीचे मखर. मखर वर्षातून एकदा खाली उतरे. मला तेवढेही नव्हते. मित्रांनो, अडगळ ही जागा नसते. आपल्याला कुणी शोधत नाही, हे कळण्याचा तो क्षण असतो, आणि तो क्षण फार लांबतो.

मग गेल्या वर्षी रंगनाथरावांच्या नातवाचे, सूरजचे लग्न ठरले.

घरात आनंद मावेना. पण रंगनाथरावांनी जाहीर केले की ते परण्याला येणार नाहीत. लग्नाला येईन, अक्षता टाकीन. मिरवणुकीत चालणार नाही.

सूरजने त्यांच्यासमोर बसून ओठ सावकाश हलवत म्हटले, "आजोबा, सगळ्या गावाला तुम्ही मारुतीला नेलंत. मला नाही नेणार?"

"डीजे नेईल."

"तुम्ही नाही तर घोडी नको मला. रिक्षानं जातो."

"जा. पण मीटरनं जा." रंगनाथरावांनी भिंतीकडे तोंड फिरवले. मग जरा वेळाने, कुणालाच उद्देशून नव्हे असे, ते म्हणाले, "मुक्या पिच्चरमधी मला चालवू नका रं. समदी नाचत्यात आन् मी तोंडं बघत हिंडायचं. त्यापरीस घरी बरा."

हे सारे ऐकत उभी होती सूरजची धाकटी बहीण ऋतुजा. ती जवळच्याच एका आयटी कंपनीत नोकरी करते आणि कंपनीतल्या मित्रमैत्रिणींबरोबर गिटार वाजवते. ती तडक निघाली. स्टूल घेतले, माळ्यावर चढली आणि मला खाली काढले.

तिने माझी धूळ पुसली, गंजलेल्या तारा काढून नव्या चढवल्या, आणि मला तिच्या लहानशा स्पीकरला जोडले. मग जाड तार छेडून तिने कपाळाला आठी घातली. "ही अशी का वाजतेय? पोळपाट ठोकल्यासारखी?" मोबाइलचा टॉर्च तिने माझ्या फटीवर धरला. उजेड माझ्या पोटात शिरला, कित्येक वर्षांनी, आणि आतला लाल रंग तिला दिसला.

"आजी! हिच्या पोटात कपडे आहेत!"

आनंदीबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "असनारच. मीच घातल्यात. उपाशी व्हती, वरडायची."

"अगं आजी, ही होलो बॉडी आहे. पोकळ असणं हाच तर हिचा पॉइंट आहे! आणि व्हिंटेज आहे ही, व्हिंटेज!"

"म्हंजे काय?"

"म्हणजे... जुनी. पण भारी."

"मग तुझ्या आजोबास्नी बी तसंच म्हन की. त्यांना समदी नुसतं म्हातारा म्हनत्यात." आनंदीबाई माझ्याजवळ टेकल्या. "आन् पॉइंट असंल तुझा. परण्यात वरडली तर घोडीला समजावशील का, की बाई गं, हा पॉइंट हाय म्हनून?"

ऋतुजा हसली, पण मग तिने तिची स्वतःची दुसरी गिटार आणली, तिची जाड तार आजीच्या कानाशी छेडली, आणि लगेच माझी छेडली. एक सूर लांब जात राहिला, दुसरा जागीच पडला. आनंदीबाईंनी दोन्ही ऐकले. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे इतकी वर्सं मी हिचं तोंड दाबून ठिवलं व्हय गं?"

"नाही आजी," ऋतुजा म्हणाली. "तू घातलंस म्हणून ती इतकी वर्षं वाजली. नाहीतर पहिल्याच लग्नानंतर तिला कुणी हात लावला नसता. फक्त आता तिचं जेवण झालंय."

आनंदीबाई उठून आत गेल्या. येताना त्यांनी आपली क्रोशाची सुई आणली. "सर बाजूला. घालनारीनंच काढावं."

एकेक चिंधी त्या सुईच्या आकड्याला अडकून बाहेर येऊ लागली. सासूबाईंच्या लुगड्याचा काठ. धोतर. एक फुलाफुलांची चोळी, जिच्याकडे त्या नको इतका वेळ पाहत राहिल्या. प्रत्येक चिंधीबरोबर माझ्या आत थोडा थोडा काळोख परत येत होता; पूर आलेल्या घरातून पाणी उतरावे आणि एकेक कोनाडा पुन्हा दिसावा तसा. शेवटी ती तांबडी बाही निघाली. माझ्या पोटात तिला ऊन लागले नव्हते, पाऊस लागला नव्हता. काल रंगवलेल्या कापडासारखी ती लालभडक होती.

ऋतुजाने मला उचलले, रंगनाथरावांच्या खोलीत नेले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले.

त्यांनी मला ओळखले. पण हात बाजूलाच ठेवले. "न्हेऊन ठेव पोरी. मला काय कळनार?"

ऋतुजाने त्यांचा अंगठा धरून माझ्या जाड तारेवर ठेवला, आणि सोडला.

तार थरारली. मित्रांनो, मी त्या क्षणी जे काही होते ते सगळे त्या एका सुरात घातले. तो सूर माझ्या पोटात घुमला, पाठीतून उतरला, त्यांच्या मांडीत, बरगड्यांत शिरला. रंगनाथराव दचकले. त्यांनी माझ्या पाठीवर तळहात पसरला. पुन्हा तार छेडली. मग फार सावकाश, बुधवार पेठेतल्या त्या दुकानात वाकले होते तसे, ते वाकले. पण कान नव्हे, त्यांनी आपला जबडा माझ्या खांद्यावर टेकवला. जिथे कान हरतात तिथे हाडे ऐकतात.

ते बराच वेळ तसेच राहिले. मग मान न उचलता म्हणाले, "हिच्या आत कुनीतरी हाय."

दारात उभ्या आनंदीबाईंना त्यांनी विचारले, "माझा तांबडा कोट हाय का गं कुठं? फाटका?"

"ट्रंकंत हाय," आनंदीबाई म्हणाल्या. आणि त्यांना ते ऐकू जाणार नाही हे आठवून त्यांनी हातातली बाहीच उंच धरून दाखवली.

परण्याच्या दिवशी हडपसरच्या रस्त्यावर नेहमीचीच गर्दी होती. पुढे टेम्पो, मागे घोडीवाल्या माऊलीची पांढरी घोडी, घोडीवर सूरज, आणि दोहोंच्या मध्ये रंगनाथराव. ट्रंकेतला कोट विटून गुलाबी झाला होता, आणि त्याला नव्याने शिवलेली एक बाही पेटल्यासारखी लाल होती. वऱ्हाडातले कुणीतरी म्हणाले, "आजोबा, एकच हात रंगवलाय का?" आजोबांना ते ऐकू गेले नाही, आणि गेले असते तरी त्या दिवशी लागले नसते.

डीजेवाला पोपट मात्र घाबरला होता. ऋतुजा माझी वायर जोडायला गेली तेव्हा त्याने हात आडवा घातला. "ताई, ही पोकळ गिटार हाय. फीडबॅक मारंल, केकाटत सुटंल. बॉक्स जातील माझं."

"नाही जाणार. मी उभी राहते तुझ्याशेजारी."

"आन् घोडी?"

मागून माऊलीनेच उत्तर दिले. "आमची घोडी तुझ्या डीजेला सरावलीय बाबा. आता तिला यमबी काय करीत न्हाय."

टेम्पोवरचा गलका बंद झाला. रंगनाथरावांनी टेम्पोकडे पाठ केली, नातवाकडे तोंड केले, आणि उलटे चालत वाजवायला सुरुवात केली. बोटे जुनी झाली होती, एखादा सूर निसटत होता; पण जो लागत होता तो लांब जात होता, इमारतींवर आदळून परत येत होता. गॅलऱ्यांमधून माणसे वाकली. रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवला नाही. पुण्यात याहून मोठा मान नाही.

मारुतीचे देऊळ आले. नमस्कारासाठी रंगनाथराव वळले. माझी छाती थेट त्या कपाटाएवढ्या स्पीकरांसमोर आली.

मला माहीत होते काय होणार ते. लोणीचे आकाश मला आठवले, उधळलेली घोडी आठवली, बाभळीला लोंबणाऱ्या मुंडावळ्या आठवल्या. मला अडवणारे आता आत काहीच नव्हते. कण्हणे उठले, हंबरणे झाले, आणि मग तोच टाहो, जो आयुष्यभर माझा कलंक म्हणून दाबून ठेवला होता, साऱ्या रस्त्यावर उभा राहिला. वऱ्हाडाने कानांवर हात घेतले. पोपटचा हात बटनाकडे झेपावला.

"हात लावू नगंस!" हा आवाज आनंदीबाईंचा होता. पोपटचा हात हवेतच राहिला.

कारण रंगनाथराव हसत होते.

तो टाहो माझ्या सर्वांगातून त्यांच्या छातीत उतरत होता. माझी पाठ त्यांच्या बरगड्यांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुमत होती. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले, आवाज चढला. एक पाऊल मागे घेतले, तो उतरला. त्यांना ते समजले, मित्रांनो, माझ्यासमोर समजले. त्यांनी तार एका जागी दाबली आणि टाहोला सूर आला. बोट सरकले, सूर वळला. ते पावलांनी त्याला पुढे नेत होते, बोटांनी वळवत होते, आणि न तुटणाऱ्या, न संपणाऱ्या त्या एकाच लांब श्वासात त्यांनी मंगलाष्टकांची चाल उभी केली. सनईला दम घ्यावा लागतो. मला लागला नाही. जिला दोष म्हणत होते ती माझी सर्वांत मोठी ताकद होती. तिला फक्त कुणीतरी धीराने हातात धरायला हवे होते.

वऱ्हाडाचे हात कानांवरून खाली आले. माऊलीच्या घोडीने कान टवकारले, मान एकदा वरखाली केली, आणि ती जागची हलली नाही. सूरजच्या मुंडावळ्या या वेळी कपाळावरच राहिल्या. त्यांच्याआडून त्याचे डोळे मात्र वाहत होते.

सूर संपला तेव्हा रंगनाथरावांनी गर्दीत एकच चेहरा शोधला. "अगं, ऐकू येतंय!" ते ओरडले. "मला हिचं ऐकू येतंय!"

आनंदीबाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण शब्द त्यांचे पदराआडूनही धारदारच निघाले, आणि ते कळावेत म्हणून त्यांनी हातवारे करून सांगितले, "हिचं येतंय! आन् माझं इतकी वर्सं येत न्हवतं, ते नाटक व्हतं व्हय?"

सगळा रस्ता हसला. रंगनाथराव सर्वांत मोठ्याने हसले.

आज मी माळ्यावर नसते. रोज सकाळी रंगनाथराव मला मांडीवर घेतात, जबडा टेकवतात आणि वाजवतात. ज्या घरातून बोलणे हळूहळू निघून गेले होते, तिथे ते आता दिवसभर कुणाकुणाला काहीबाही विचारत असतात आणि उत्तरासाठी ओठांकडे बघतात. माझ्या पोटातून निघालेल्या चिंध्यांची आनंदीबाईंनी खरोखरच एक लहानशी गोधडी घातली. रात्री ती माझ्या अंगावर असते, पोटात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे वाद्य भिंतीशी उभे असेल. त्याला ओल लागू देऊ नका, उन्हात टाकू नका, गंजलेल्या तारा वेळेवर बदला. एवढे कुणीही सांगेल. मी आणखी एक मागते. त्याला एकदा मांडीवर घ्या आणि त्याच्या आत कोण आहे ते ऐका. आणि एखादे माणूस, एखादे मूल, तुम्हांला नको त्या वेळी, नको तितक्या मोठ्याने ओरडताना दिसले, तर त्याच्या तोंडात घाईने काही कोंबू नका. त्याच्याबरोबर एक पाऊल पुढे जाऊन बघा, एक मागे येऊन बघा. त्या ओरडण्यात कदाचित त्याचे गाणे असेल.

आणि हो, माझे पोट अगदीच रिकामे नाही. लोणीच्या लग्नातला अक्षतेचा एक दाणा आत कुठेतरी अडकला आहे. ऋतुजाने मला उलटे केले, हलवले, फुंकले, तो निघेना. मी वाजू लागले की तो हळूच खुळखुळतो. ती पुन्हा सुई शोधू लागली तेव्हा आनंदीबाईंनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं तेवढा," त्या म्हणाल्या. "गात्या लेकीला अगदी उपाशी ठिवू नये."